दोन श्रावण आणि वन्संच्या पाटल्या

कर्ज कसं झालं ते आधी सांगून टाकते, कारण ते ऐकल्याशिवाय कुणालाच चैन पडत नाही. माझ्या नवऱ्याने आणि धाकट्या दिरांनी मिळून एक टेम्पो घेतला होता. दीर पेणला राहतात, टेम्पो तेच चालवायचे. गणपतीआधीच्या दिवसांत पेणच्या कारखान्यांतून मूर्ती बाहेरगावी पोचवायच्या, एरवी सिमेंट, भाजी, मिळेल ते न्यायचं, असा बेत. बेत वाईट नव्हता आणि पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर वडखळच्या पुढे टेम्पो रस्ता सोडून भाताच्या खाचरात आडवा झाला. दिरांच्या कोपराला खरचटलं, तेवढंच. पण मागे मूर्ती भरलेल्या होत्या. सोंडेचा एवढासा टवका उडाला, बोट दुखावलं, तरी ती मूर्ती कुणी पूजेला घेत नाही. त्यामुळे निम्मा माल वाचला वगैरे भाषा इथे चालत नाही. सगळा भरून द्यावा लागला.

आणि विमा? त्याची मुदत आधीच संपली होती. दिरांनी ठरवलं होतं, सीझनचे पैसे हातात आले की भरू. तेवढेच वाचतात, म्हणाले.

आम्ही राहतो अष्टमीला, म्हणजे रोह्याच्या पुलापलीकडे. नवरा धाटावच्या एका कंपनीत आहे. पगार बरा आहे, पण टेम्पोचा हप्ता आणि फुटलेल्या मूर्तींची भरपाई एकदम पेलेल एवढा बरा नाही. कारखानदाराला गिऱ्हाइकांसाठी दुसऱ्या मूर्ती उभ्या करायच्या होत्या, त्याला थांबायला वेळ नव्हता. तेव्हा माझ्या मोठ्या नणंदबाई निडीहून आल्या, हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या आणि ओट्यावर ठेवल्या.

"गहाण टाका. माणूस वाचला ना? मग रडताय कशाला?"

रडत कुणीच नव्हतं, पण वन्संना असं बोलायची सवय आहे. त्यांचे यजमान मागे खुर्चीत बसले होते. कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "माझं काय म्हणणं नाय. पण पुढल्या साली पोराचं लगीन करतोय, तुळशीचं लगीन झालं की. तवा मांडवात हिचे हात मोकळे दिसता कामा नयेत."

एवढंच बोलले. पाटल्या पतपेढीत गेल्या, कारखानदाराचे पैसे दिले, आणि मी मनाशी ठरवलं की टेम्पोच्या हप्त्याचं जे व्हायचं ते होवो, आधी पाटल्या सुटणार. नवऱ्याने समजावून पाहिलं की व्याज टेम्पोच्या कर्जावर जास्त आहे, शहाण्या माणसाने ते आधी फेडावं. बरोबर होतं त्याचं. पण बँकेला उशीर झाला तर ती दंड लावते आणि थांबते. मांडव थांबत नाही.

टेम्पो दुरुस्त करणं परवडणार नव्हतं, तो भंगारात गेला, त्याचे आले ते पैसे बँकेत भरले. उरलेला हप्ता पगारातून जाऊ लागला, आणि पाटल्यांसाठीचं सगळं घरातूनच काढायचं होतं. घरातून म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातून. पुरुष 'खर्च कमी करू' म्हणतात तेव्हा त्यांना चहा कमी प्यायचा असं वाटत असतं.

मी टीव्हीचं कनेक्शन बंद केलं. स्कूटर झाकून ठेवली, नवरा कंपनीच्या बसने जाऊ लागला. दूध अर्ध्यावर आणलं. अंघोळीचं पाणी चुलीवर तापवून गॅस वाचवायचा प्रयोगही केला. तो पावसाळ्यात फसला, ओल्या लाकडांनी धूरच जास्त झाला आणि सुकी लाकडं गॅसपेक्षा महाग पडली, म्हणून सोडून दिला. जे परवडत नाही ते काटकसर म्हणून करत राहण्यात अर्थ नसतो. तांदूळ आणि वाल मात्र गावच्या शेतातले होते, त्याला पैसे नव्हते. मग वालाचं बिरडं, वालाची खिचडी, वांग्यात वाल, शेवग्यात वाल. नवरा एकदा ताट पुढे ओढून म्हणाला, "आता मलाच मोड येतील."

"आले तर सोलून घेईन," मी म्हटलं.

खरा खर्च मासळीचा होता. आमच्याकडे मासळीशिवाय जेवण म्हणजे आजारी माणसाचं जेवण. बाजारात पापलेटकडे बघणं मी सोडलं होतंच, पण बांगडा, बोंबील, कोळंबी, आठवड्याचे पैसे तिथेच जायचे. ते बंद कसे करावेत या विचारात होते, तोवर पंचांग मदतीला आलं. पुढच्या वर्षी, म्हणजे लग्नाच्याच साली, अधिक महिना श्रावणात आला. म्हणजे आधी अधिक श्रावण आणि मग नेहमीचा, निज श्रावण.

आमच्या आळीत यावर बरीच भांडणं झाली. बहुतेकांचं म्हणणं, अधिक महिन्यात खायला हरकत नाही, खरा श्रावण दुसराच. नवराही त्याच पक्षात होता. कंपनीतल्या कुणा शिकलेल्या माणसाचा हवाला घेऊन आला.

मी म्हटलं, "पंचांगात श्रावण लिहिलाय ना?"

"अधिक श्रावण लिहिलाय."

"म्हणजे जास्तच श्रावण. दोन्ही पाळायचे."

"देव पण तुझ्याच बाजूला हाय," तो म्हणाला आणि मुकाट्याने वालाकडे वळला. दोन महिन्यांत मासळीचे जे पैसे वाचणार होते त्यांनी पतपेढीतला चांगला मोठा तुकडा उतरणार होता. या वेगाने दिवाळीपर्यंत पाटल्या सुटत होत्या. मला रात्री स्वस्थ झोप लागत होती.

पण अधिक महिना एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने मागतो, हे मी विसरलेच होते. मुलीने फोन करून आठवण दिली.

मुलीचं लग्न टेम्पो पडला त्याच्या आदल्या हिवाळ्यात झालं होतं, पेणलाच दिली आहे. जावई मूर्तींच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. आणि लग्नानंतर आलेला हा पहिला अधिक महिना. अधिक महिन्यात जावयाला नारायण मानून वाण देतात. तेहेतीस अनारसे, वर दिवा, आणि लेकीजावयाला पोटभर गोडाधोडाचं जेवण. याला आमच्याकडे धोंडा म्हणतात. मूळ पद्धत एवढीच. पण हल्ली अनारशांबरोबर चांदीचं ताट आणि चांदीचा दिवा असतो, आणि पहिला धोंडा असला तर जावयाच्या बोटात सोन्याची अंगठी.

मुलगी म्हणाली, "आई, शेजारच्या वैनीच्या माहेरून अंगठी आली. जाड हाय."

"बरं."

"आमच्या आई विचारत होत्या, तुझे बाबा कधी येणार बोलवायला."

"बाबांची शिफ्ट आहे. मी येते."

"आई," तिचा आवाज खाली गेला, "मला इथं राहायचंय. तोंड दाखवायला जागा ठेव."

मी ठेवते म्हटलं. फोन ठेवल्यावर हिशेब केला. अंगठी आणि चांदी धरली तर पाटल्या तुळशीच्या लग्नाआधी सुटत नव्हत्या, सुटल्या तर शिमग्यापर्यंत. नवीन कर्ज काढून अंगठी घेणं हा एक मार्ग होता. दीर म्हणाले, मी बघतो कुठे मिळतात का. मी त्यांना हात जोडले.

दोन दिवसांनी रोह्याहून पेणला जाणारी गाडी धरली. निडीला वन्सं चढल्या. त्यांना पेणला लग्नाचे पापड सांगायचे होते, एकत्र जाऊ असं ठरलं होतं. बाहेर पाऊस कोसळत होता, खिडकीची काच बंद होईना, दोघी एका बाजूला सरकून बसलो. मी त्यांना जावयाच्या वाणाबद्दल काही बोलले नव्हते. पण त्यांना ठाऊक होतं, भावाने सांगितलं असणार.

नागोठणं गेल्यावर म्हणाल्या, "माझ्या पाटल्या राहू दे गो. जावयाचं आधी कर. पोरीचं घर हाय."

"तुमच्या घरी लग्न आहे."

"मी खोट्या घालीन. कुणाला कळतंय?"

"यजमानांना."

त्यांनी भिजलेला पदर पिळला. मग म्हणाल्या, "त्यांना पण नाय कळायचं. त्यांना मी नवी साडी नेसले तरी कळत नाय."

"हे कळेल. त्यांनी एकच गोष्ट मागितलीय."

वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, दोन्ही हातांत सारख्या. मला तो विषय तिथेच संपवायचा होता म्हणून मी पोह्याचे पापड किती सांगणार ते विचारलं, आणि पेण येईपर्यंत आम्ही पापडांवरच बोललो.

विहीणबाईंचं घर बाजाराच्या मागे आहे. पुढच्या खोलीत न रंगवलेल्या मूर्ती भिंतीला लावून ठेवलेल्या, पांढऱ्या, डोळे नसलेल्या. जावई घरी पण काम आणतो. आम्ही त्यांच्यामधून वाट काढून आत बसलो. मुलगी पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

मी आडवळणाने बोलू शकत नाही. म्हणजे शिकलेच नाही. पाणी प्यायले आणि म्हटलं, "विहीणबाई, धोंड्याचं बोलवायला आलेय. तेहेतीस अनारसे माझ्या हातचे. पितळी ताट, दिवा. जेवण मनापासून. सोनं नाही आणि चांदी नाही."

विहीणबाई हातातला पंखा हलवत होत्या, तो थांबला.

"पहिला धोंडा हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच स्वतः सांगायला आले. नंतर कळलं असतं तर तुम्हाला जास्त राग आला असता."

"राग कसला. राग नाय." पंखा पुन्हा जोरात सुरू झाला. "लोक विचारतील ना. काय आलं, काय आलं. मी काय दाखवू? अनारसे?"

"चांगले होतात माझे."

दारातून मुलीचं "आई!" असं ऐकू आलं.

"आमच्यावर कर्ज आहे, तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हटलं. "या माझ्या नणंदबाई. यांच्या पाटल्या गहाण आहेत. यांच्या मुलाचं लग्न आहे. आधी त्या सोडवायच्या, मग बाकीचं."

विहीणबाईंनी वन्संच्या हातांकडे पाहिलं. वन्संनी हात पदराखाली घेतले नाहीत. उलट मांडीवर चांगले पसरून ठेवले आणि म्हणाल्या, "हिच्याशी वाद घालू नका. मी गाडीत घालून बघितला."

विहीणबाईंना हसू आलं नाही. मला वाटलं, आता पोरीला ऐकवतील. मी तयार होते, काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण त्या उठून दाराशी गेल्या, बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं, परत आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या,

"तुमचं बराय. बोललात आणि मोकळ्या झालात. मी काय करू? माझी पोरगी पनवेलला दिलीय. तिचा पण पहिला धोंडा हाय."

"मग?"

"मग काय मग? तुमची अंगठी आली असती की तीच मी तिकडे फिरवणार होते!"

मला हसायला आलं. ते आवरलं नाही, हे कबूल करते. वन्संनी तर सरळ पदर तोंडाला लावला.

"हसू नका," विहीणबाई म्हणाल्या. "माप पण सारखं हाय दोघांचं. मी बघून ठेवलंय."

"आणि पनवेलच्या विहीणबाईंना मुलगी आहे का?" वन्संनी विचारलं.

"हाय ना. अलिबागला."

मग मात्र विहीणबाईसुद्धा हसल्या. त्या अंगठीने महिनाभरात अर्धा जिल्हा पालथा घातला असता, आणि ती घेण्यासाठी मी काढलेलं कर्ज माझ्याच घरी राहिलं असतं.

हसून झाल्यावर त्यांचा चेहरा परत उतरला. "पण तिकडे सांगू काय? ती बाई लय मानापानाची हाय."

हा प्रश्न सोपा होता. मी म्हटलं, "माझ्यावर ढकला. सांगा, सुनेच्या आईने पद्धत मोडली. रोह्याची बाई आहे, हट्टी आहे, आम्ही काय करणार. आमच्याकडेच सोनं आलं नाही, तर आम्ही कुठून द्यायचं?"

"तुमचं नाव होईल."

"होऊ द्या. नावाला व्याज लागत नाही."

विहीणबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "अगो, चहात साखर जरा जास्तच घाल. तुझ्या आईने मघापासून नुसतं कडूच पाजलंय." मुलगी दारात नव्हती, आत गेली होती. पण कपबशांचा आवाज आला आणि तो आवाज बरा होता. रागात कपबशा वेगळ्या वाजतात, मला माहीत आहे, मीच तिला शिकवलंय.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, "अनारसे हसतात माझे. तुपात सोडले की विरघळतात."

"पीठ ओलं राहत असेल. मी तयार पीठ पाठवते."

पाठवलं. माझे आणि त्यांचे अशा दोन घरांचे अनारसे एकाच पिठाचे झाले, माझ्या गावच्या तांदळाचे.

जावयाला त्या महिन्यात अष्टमीला यायला काही जमलं नाही. कारखान्यात रात्रंदिवस काम, आखणीचा माणूस सोडत नाहीत. मग मीच ताट बांधून पेणला घेऊन गेले आणि कारखान्यातच त्याला वाण दिलं, मुलीला बाजूला उभं करून. त्याच्या हाताला रंग होता म्हणून त्याने ताट मनगटांवर झेललं. अंगठीचं त्याला कुणी आधी बोललं होतं की नाही, मला माहीत नाही. त्याने एक अनारसा मुलीच्या हातून खाल्ला, एकेक सोबत काम करणाऱ्यांना दिला, मग आणखी एकेक, आणि मी निघायच्या आत ताट रिकामं. "पुढच्या वेळी जास्त आणा," म्हणाला. मी म्हटलं, पुढचा अधिक महिना यायला अवकाश आहे, तोवर साध्या दिवसांत घरी या.

माझं नाव मात्र झालं. पनवेलपर्यंत गेलं. अष्टमीत दोन-तीन बायकांनी मला बाजारात गाठून विचारलं की खरंच का हो तुम्ही विहिणीच्या तोंडावर नाही म्हणालात. त्यातल्या एकीने तर नंतर आपल्या विहिणीला माझंच उदाहरण सांगून चांदीचं ताट टाळलं, हे तिनेच मला सांगितलं. मागून कुणी चिकट म्हणालं असेल. त्यांना म्हणू दे. चिकट ते, जे विमा भरत नाहीत.

दिवाळीच्या आधी पतपेढीत शेवटचे पैसे भरले. वन्संना बोलावून घेतलं होतं, कारण त्यांची वस्तू त्यांनीच ताब्यात घ्यावी असं मला वाटलं. पतपेढीतल्या मुलाने सील तोडलं, वजन करून दाखवलं. वन्संनी पाटल्या हातात घेतल्या, पदराने पुसल्या आणि पिशवीत टाकायला लागल्या.

"घाला," मी म्हटलं.

"घरी घालते. हात सुजलेत गो, जायच्या नाहीत."

"इथेच घाला. घरी गेलात की कपाटात ठेवाल आणि लग्नात म्हणाल, कामाच्या गडबडीत राहिल्या."

बेसिनपाशी साबणाची वडी होती. मी त्यांचा हात धरला, साबण लावला आणि पाटली चढवायला घेतली. पहिली गेली. दुसरी अंगठ्याच्या हाडापाशी अडली.

"अगो, हाड मोडशील!"

"हाड जुळतं. पाटली परत घडवायला मजुरी पडते."

पतपेढीतला मुलगा खाली मान घालून हसत होता. पाटली गेली. वन्संनी हात धुतले, दोन्ही हात समोर धरून पाहिले, आणि चिडल्यासारख्या म्हणाल्या, "एवढ्या जड होत्या व्हय ह्या?"

तुळशीचं लग्न झाल्यावर निडीला भाच्याचं लग्न झालं. टेम्पोचे हप्ते तेव्हा चालूच होते आणि आजही चालू आहेत, पुढच्या पावसाळ्याआधी संपतील. मी लग्नात आहेरही साधाच केला. वन्सं पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या, मोठी परात दोन्ही हातांनी धरून, भात वाढत पुढे सरकत. त्यांचे यजमान व्याह्यांशेजारी पानावर बसले होते. वन्सं त्यांच्यापुढे आल्या तेव्हा त्यांनी बायकोच्या हातांकडे पाहिलं. एकदाच. मग पानावरचा भात सारखा केला आणि व्याह्यांना म्हणाले, "घ्या, सुरू करा."